दारातला टोचलेला कांदा

दारात एक कांदा होता. त्याला खिळे मारलेले होते.

एवढंच असतं तर मी म्हणलं असतं, असेल बाई, इथल्या लोकांची काहीतरी पद्धत. पण कांदा एकटा नव्हता! खाली मोठा ट्रे, ट्रेवर तीन ढीग. एक केशरी, एक पांढरा, एक हिरवा. सगळं कसं बारीक, चौकोनी, एकसारखं, जणू कुणीतरी मंत्र म्हणत म्हणत एकेक तुकडा पाडलाय. बाजूला पाल्याची जुडी, तिला दोऱ्याचे वेढेच वेढे. आणि मधोमध तो कांदा! सोललेला, गोरापान, अंगभर काळे खिळे, आणि पोटावर एक वाळकं पान ठोकून बसवलेलं.

मी दार लावलं. परत उघडलं. (कधी कधी असं केलं की नको असलेल्या गोष्टी जातात. ही गेली नाही.) तेवढ्यात जिन्यातला लाइट गेला. आमच्या बिल्डिंगमधला लाइट बटण दाबलं की थोडा वेळ राहतो आणि आपोआप जातो, हे मला चांगलं माहीत होतं. पण त्या वेळी? त्या वेळी मला वाटलं, कांद्यानं घालवला!

मी किंचाळले. काखेतला आमचा तान्हा सोन्या किंचाळला. मी दार लावून वरची कडी घातली, खालची कडी घातली, आणि दाराला पाठ लावून मटकन खाली बसले.

आता तुम्ही म्हणाल, ठेवताना कुणी बेल वाजवली नाही का? वाजवली ना! पण बेल वाजली की मी उघडतच नाही. इंदापूरहून नॉटिंगहॅमला येऊन मला वर्षसुद्धा झालं नव्हतं. दहावीत इंग्रजीनंच मला घरी बसवलेलं, तीच इंग्रजी इथं दारात येऊन उभी राहायची. म्हणून बेल वाजली की मी टीव्ही बंद करायची, सोन्याच्या तोंडात चोखणी द्यायची आणि श्वास रोखून उभी राहायची. माणूस कंटाळून निघून जायचा. त्या दिवशीपण तसंच केलं. माणूस गेला, पण हे ठेवून गेला!

आणि कोण ठेवून गेलं, ते मला तिथं बसल्या बसल्याच कळलं. वरच्या मजल्यावरची ती बाई! फ्रान्सची. सगळे तिला मादाम म्हणायचे. म्हातारी, काटकुळी, बारा महिने काळे कपडे, जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटायची. आदल्याच दिवशी खाली भेटली होती आणि सोन्याचे दोन्ही गाल धरून म्हणाली होती, "सो फॅट! सो ब्यूटिफुल! आय ईट हिम!" मला तेवढं इंग्रजी कळतं हो. आय, ईट, हिम! आणि तेव्हापासून सोन्या जे रडायला लागला ते थांबायलाच तयार नाही. दूध नको, झोप नको, नुसता मुठी चावतोय.

लागली की नाही लिंक?

आमचे हे हॉस्पिटलात नर्स. सकाळच्या शिफ्टला गेलेले. वॉर्डात फोन करून काय सांगू, कांदा आलाय म्हणून? मग मी फोनकार्ड खरवडलं आणि आईला लावला.

"आई! दारात कुणीतरी उतारा ठेवलाय!"

"अगं बाई! लंडनात?"

"लंडन नाही गं, नॉटिंगहॅम!"

"तेच ते. भात आहे का?"

"भात नाही."

"लिंबू?"

"लिंबू नाही. कांदा आहे."

"कांदा?" आई गप्प झाली. माझी आई गप्प होते म्हणजे समजा, गावात वीज पडली. "कसा आहे कांदा?"

"टोचलाय. खिळे खिळे मारलेत."

"आई आई गं! तिकडं लिंबू मिळत नसेल, म्हणून कांद्यावर भागवलं. कुंकू?"

"कुंकू नाही. गाजर आहे."

"केशरी ना? झालं की! कुंकवाच्या जागी. पांढरं काही?"

"आहे! ढीगभर!"

"तो भात. हिरवं?"

"हिरवं पण आहे! कसले तरी देठ. कोथिंबिरीच्या देठाचा बाप शोभेल असे."

"त्या हिरव्या बांगड्या," आई म्हणाली. तिनं इंदापुरात बसून सगळा हिशोब लावला. "दोरा आहे का, दोरा?"

"आहे! पाल्याला गुंडाळलाय!"

"बस्स! मंगल, नीट ऐक. हात लावायचा नाही. ओलांडायचं तर अजिबात नाही! झाडूनं गोळा कर, वाहत्या पाण्यात सोड. जाताना-येताना कुणाशी बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. पाय धुवून मग घरात शीर. दाराला लिंबू-मिरची टांग. आणि पोराची मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढ. ठसका आला नाही तर समज, जबरी लागलीय."

"आई, मला भीती वाटतीय गं."

"घाबरायचं काय त्यात? मी आहे ना!" असं म्हणाली आणि फोनकार्डातली बाई मध्येच बोलायला लागली आणि फोन कट झाला. आई होती, पण इंदापुरात. कांदा होता, तो दारात!

झाडू घेतला. भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. पायात ह्यांचे लोकरीचे पायमोजे घातले. (का ते विचारू नका. भीती वाटली की माणूस जास्तीचे कपडे घालतो.) दार उघडून लांबनंच एकेक ढीग सुपलीत ओढला आणि पिशवीत भरला. गाजर आलं, कांद्याचे तुकडे आले, देठ आले, जुडी आली. टोचलेला कांदा काही येईना! झाडू लावला की घरंगळत घराच्याच दिशेनं यायचा. उंबऱ्यापाशी आला तेव्हा मी असा झाडू हाणला की समोरच्यांच्या दारावर धाडकन आपटला, तिथनं उसळी मारून परत आला आणि बरोब्बर सुपलीत पडला. बघा, वाईट शक्तीलासुद्धा धाक लागतो.

ट्रे ओलांडायचा नव्हता. ट्रे अख्ख्या पायपुसण्यावर पसरलेला. मग मी सोन्याला छातीशी बांधला, पिशवी कोपरावर लटकवली आणि पालीसारखी भिंतीला चिकटून बाजूनं बाहेर पडले.

जिन्यात अर्ध्यावर कोण भेटावं? मादाम! वर येत होती, हातात हे एवढं मोठं पातेलं. मला बघून तिचा चेहरा असा खुलला की मी दोन पायऱ्या मागं सरकले.

"आह! यू फाउंड इट? गुड, गुड! आय कम, टेन मिनिट!"

बाई गं! काम झालंय का ते बघायला आली, आणि आता उरलेलं काम करायला येणार, तेपण पातेलं घेऊन! कालच म्हणाली होती, आय ईट हिम! मी सोन्याला शालीत झाकला. बोलायचं तर नव्हतंच. ती पिशवीकडं बघतीय, मी तिच्या पायांकडं बघतीय. (सरळ होते. बघून घेतलं.) आणि मी धूम ठोकली.

आमच्या मागंच कॅनॉल आहे. त्याचं पाणी वाहतंय का, हा प्रश्न मला तिथं पोचल्यावर पडला. वाहत नव्हतं. नुसतं पसरलेलं, हिरवंगार, वर बदकं. पण नॉटिंगहॅममध्ये दुसरी नदी कुठल्या बसनं जाऊन शोधणार होते? डोळे मिटले, पिशवी उलटी केली.

गाजर बुडालं. देठ पांगले. बदकं धावत आली आणि मेजवानी सुरू झाली. आणि कांदा? कांदा तरंगला! डुबुक करून खाली गेला आणि टुणकन वर आला, पान वर करून, होडीसारखा. मागं वळून बघायचं नव्हतं, म्हणून मी चालायला लागले. वारा पण त्याच बाजूचा! डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघते तर कांदा माझ्या बरोबरीनं चाललाय. मी भरभर, तो भरभर. मी थांबले, तो थांबला!

काठावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "यू ऑल राइट, डक?" (इथले लोक सगळ्यांनाच डक म्हणतात, बायकांना, पोस्टमनला, सगळ्यांना.) मला बोलायचं नव्हतं. मी नुसतं कांद्याकडं बोट दाखवलं. त्यानं कांद्याकडं बघितलं. माझ्या हातमोज्यांकडं बघितलं. पायमोज्यांकडं बघितलं. आणि आपली खुर्ची उचलून थोडा लांब जाऊन बसला.

घरी आले. पाय धुवायचे कुठं? जिन्यात गालिचा, नळ नाही. सोन्याच्या बाटलीतलं कोमट पाणी पायमोज्यांवरनंच ओतलं आणि पचक पचक करत, ट्रे चुकवून आत शिरले. लिंबू ओवलं, सात हिरव्या मिरच्या ओवल्या आणि दाराबाहेरच्या खिळ्याला टांगल्या. (आधीच्या भाडेकरूंनी ख्रिसमसला कसलंतरी हिरवं कडं लावायला ठोकलेला खिळा. देवाला सगळ्याची सोय करावी लागते.)

मग दृष्ट. इथं विस्तव कुठला? विजेची शेगडी. तवा लालबुंद तापवला, मुठीत मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन सोन्यावरनं ओवाळायला लागले. "आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, वरच्या मजल्यावरच्यांची..." (हे मी मनानं घातलं.)

आणि टकटक! टकटक!

मी श्वास रोखला. पण ह्या वेळी माणूस कंटाळला नाही. दारातली पत्र टाकायची फट असते ना, ती कर्रकन वर उचलली गेली, आणि फटीत दोन डोळे! निळे! आणि आवाज, "हॅलो? व्हेअर इज माय ओनियन?"

माझ्या हातातलं सगळंच्या सगळं तव्यात पडलं. वर अर्धी बरणी मिरच्यापण!

ठसका आला का? अहो, आला म्हणजे काय! मला आला, सोन्याला आला, फटीतल्या डोळ्यांना आला. मोहरी बंदुकीसारखी उडायला लागली, धुराचा लोट छताला भिडला आणि अलार्म! आधी आमच्या घरातला, मग जिन्यातला, मग अख्ख्या बिल्डिंगचा! मी तवा सिंकमध्ये फेकला, सोन्याला ब्लँकेटात गुंडाळलं आणि पळाले.

पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग हिरवळीवर. कुणी आंघोळीतनं आलेलं, कुणी मांजर घेऊन. सगळे खोकतायत! आणि दोन लाल गाड्या. त्यातनं एक पोलादी टोपीवाला माझ्याकडं आला.

"व्हॉट वेअर यू कुकिंग, डक?"

आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी मला आधीच घाबरवून ठेवलेलं, की इथं बाळाला जरा काही झालं तर कौन्सिलवाले बाळ घेऊन जातात. खरं सांगितलं तर पोर जाणार, खोटं सांगायला इंग्रजी नाही! मी म्हणलं, "नो कुकिंग. बेबी. बॅड आय."

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं बॅटरी काढून सोन्याच्या डोळ्यांत मारली. सोन्यानं त्याची टोपी धरून चोखायला सुरुवात केली. मी सोन्याला असा आवळून धरला की तो बिचारा टोपीसकट रडायला लागला. "नो टेक! नो टेक माय बेबी!" मी ओरडतीय, तो म्हणतोय, "नोबडीज टेकिंग एनीवन, लव्ह," आणि ह्या सगळ्या गोंधळात बसस्टॉपकडनं आमचे हे पळत आले.

"मंगल! काय झालं? कुठं लागली आग?"

"आग नाही हो! उतारा! त्या बाईनं आपल्या दारात उतारा ठेवला!"

"कोणी?"

"त्या! मादामनी! टोचलेला कांदा! तीन ढीग! दोरा!"

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, तिची शेगडी बंद पडलीय! सकाळी जिन्यात भेटली, मीच म्हणलं आमच्याकडं येऊन शिजवा. तुला सांगितलं होतं की!"

"कधी?"

"जिन्यातनं परत येऊन! तू हं म्हणालीस."

"मी झोपेत होते! झोपेत मी कशालाही हं म्हणते!"

"तिच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं आज पहिल्यांदा जेवायला येतायत, सहा वाजता. पहाटेपासून कापत बसली होती बिचारी. ती फोडणी आहे त्यांची, फोडणी! कांदा, गाजर, सेलरी. मिरप्वा म्हणतात."

"आणि खिळे?"

"लवंगा!"

लवंगा. मी, जी दर रविवारी मसालेभातात मूठभर लवंगा घालते, ती मी लवंगेला ओळखलं नाही! आणि पोटावर ठोकलेलं ते पान तमालपत्र होतं. तेपण आमच्या डब्यात आहे!

मादाम हळूहळू आमच्याजवळ आली. डोळे लाल, नाक गळतंय, रिकामं पातेलं पोटाशी धरलेलं. "माय मिरप्वा?" तिनं मला विचारलं. मी कॅनॉलकडं बोट दाखवलं. तिला कळलं नाही. ह्यांनी सांगितलं. मग कळलं. तिचा चेहरा असा झाला की कौन्सिलवाले परवडले असते.

"बट व्हाय?"

हे म्हणाले, "शी वॉज अफ्रेड."

"ऑफ मी?" मादाम म्हणाली. एकदम बारीक आवाजात. ओठ थरथरला तिचा. बिल्डिंगमध्ये तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, त्यात सोन्याचे गाल धरायचे एवढाच काय तो तिचा आनंद. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी ह्यांच्या शर्टाची बाही ओढली, "नाही म्हणा! नाही म्हणा हो!"

"नो, नो, मादाम," हे म्हणाले. "नॉट ऑफ यू. ऑफ द ओनियन."

मादामनं माझ्याकडं बघितलं. टोपीवाल्यानं बघितलं. मांजरवालीनं बघितलं. कांद्याला घाबरणारी बाई! मी मान हलवली. "येस. ओनियन. व्हेरी अफ्रेड." काय करता, म्हातारीचं मन तरी राहिलं.

आता दुपार टळलेली, सहाला व्याही येणार. हे सेलरी आणायला पळाले. मी घरातले कांदे आणि गाजरं काढली, इंदापूरची विळी मांडली आणि पाय टाकून बसले. मादाम भिंतीला टेकली. "गिलोटिन!" म्हणाली. (ते काय असतं ते ह्यांनी नंतर सांगितलं. बरं झालं नंतर सांगितलं.) मी सटासट कापतीय आणि ती वरनं, "स्मॉलर! सेम, सेम!" अहो, फोडणीत जाऊन मरायचंय त्याला, कशाला सेम? पण नाही! एक तुकडा जरा लांबट झाला तर तिनं तो बोटानं बाजूला काढला, परीक्षेत नापास केल्यासारखा.

मग लोण्यात परतायचं. गॅरंटीनं सांगते, तशी फोडणी तुम्ही जन्मात बघितली नसेल. आवाजच नाही! ना चुर्र, ना तडतड. मंद आचेवर कांदा नुसता घाम गाळत बसलेला. मी हळूच बटण वाढवलं, तिनं कमी केलं. मी वाढवलं, तिनं हातावर चापट मारली. "नो कलर!" कांदा लाल करायचा नाही म्हणे! मला तर माहेरी कांदा पांढरा राहिला म्हणून बोलणी बसायची. माझा हात दोनदा आपोआप मोहरीच्या डब्याकडं गेला. मादामनं डबा उचलून फ्रिजवर ठेवला.

आणि शेवटी तिनं एक सोललेला कांदा आणि लवंगा माझ्या हातात दिल्या. हसत होती. "यू. डोन्ट बी अफ्रेड."

मी टोचल्या. एकेक लवंग, माझ्या हातानं. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

मग सोन्या भुकेला झाला म्हणून मी त्याला घेऊन आत गेले. बाहेर मादाम कोंबडी टाकतीय, पाणी ओततीय, काहीतरी शोधतीय, पुटपुटतीय. मध्येच दार उघडल्याचा आवाज आला. मग "आह! परफेक्ट!" आणि परत दार लागलं. मी म्हणलं, चला, सापडलं असेल जे हवं ते.

सोन्यानं दूध पिताना मला चावलं आणि मला कळलं. दात! खालचा, तांदळाच्या कणीएवढा. म्हणजे म्हातारीनं काही केलंच नव्हतं. काल काही नाही, आज काही नाही. मी दात कुरवाळत रडले की हसले, मलाच कळलं नाही.

सहाच्या जरा आधी हे आणि मादाम मिळून वाफाळतं पातेलं वर घेऊन गेले. जाताना मादामनं माझे दोन्ही गाल धरले, सोन्याचे धरतात तसे, आणि म्हणाली, "थँक यू फॉर द ब्यूटिफुल लिटल बुके." काय ते मला कळलं नाही. मी म्हणलं, "वेलकम."

मग मी पायपुसणं झटकायला दाराबाहेर गेले. सहज वर बघितलं.

खिळा रिकामा होता.

लिंबू नाही. मिरच्या नाहीत. दोरा नाही. खाली बघितलं, कोपऱ्यात बघितलं, आणि मग मला तो आवाज आठवला. "आह! परफेक्ट!" त्यांच्या फोडणीत ती दोऱ्यानं बांधलेली जुडी टाकायची असते ना, तिची जुडी, म्हणजे तिचा तो बुके, मी बदकांना घातली होती. दाराला दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि मिरच्या बघून म्हातारीला वाटलं, पोरीनं भरपाई म्हणून करून ठेवलीय!

तुम्हीच विचार करा. लिंबू-मिरची ओलांडली तर पीडा लागते म्हणतात. शिजवून व्याह्यांना वाढली तर काय होतं, हे माझ्या आईलासुद्धा माहीत नसणार! आणि फोनकार्डपण संपलेलं.

हे खाली आले. मी सांगितलं. हे जमिनीवर बसले आणि हसून हसून ह्यांना उचकी लागली.

"हसताय काय? वर जाऊन सांगा ना!"

"काय सांगू? की तुम्हाला घालवायला टांगलेलं तुम्ही शिजवलंत?"

तेवढ्यात खाली गाडी थांबली. पावलं आमच्या दारावरनं वर गेली. बायकी बूट, पुरुषी बूट. वर खुर्च्या सरकल्या. हसणं. मग चमचे. मग शांत. मग खोकला. एक. मग दुसरा. मग सगळ्यांचाच! मी सोन्याला घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतीय, म्हातारीच्या लेकीचं लग्न मी मोडलं, मी, इंदापूरच्या मंगलनं, फ्रान्सच्या पोरीचं लग्न नॉटिंगहॅमात मोडलं!

जिन्यात पावलं वाजली. खाली येणारी.

बेल वाजली.

मी लाइट घालवला, सोन्याच्या तोंडात चोखणी दिली आणि श्वास रोखून उभी राहिले. फट उघडली. निळे डोळे. आता मात्र लालभडक, धारा लागलेल्या.

"मँगल! आय सी यू!"

उघडलं दार. काय करणार? मादामचं नाक लाल, गाल लाल, मानेपर्यंत लाल. मी हात जोडले. "सॉरी, मादाम, सॉरी, सॉरी..."

"दे क्राय!" मादाम म्हणाली. "ऑल क्राय! अँड दे ईट! द फादर, ही टेक थ्री टाइम!" आणि तिनं टाळी वाजवली. व्याहीबुवा रडत रडत तिसऱ्यांदा वाढून घेत होते. विहीणबाईंना कृती हवी होती. लग्नाच्या जेवणात हेच पाहिजे म्हणत होते! "बट द लिटल बुके. लेमन, चिली. दे आस्क मी, व्हॉट इज इट? इन इंडिया, व्हाय यू मेक?"

आणि ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, इतक्या विश्वासानं! मागं ह्यांची उचकी. हातात सोन्या, एक दात दाखवून तिच्याकडं हसतोय. खरं सांगावं तर तिचा ओठ परत थरथरणार. खोटं सांगावं तर इंग्रजी कुठाय? फ्रेंचमधला तर मला एकच शब्द येत होता, तोपण दुपारीच शिकलेला.

"इंडियन मिरप्वा," मी म्हणलं.

मादाम ते घोकत घोकत वर गेली, आणि जाता जाता सांगून गेली की लग्नाला शंभर माणसं आहेत, तेव्हा तसलाच एक मोठ्ठा बुके करून ठेव, दाराएवढा. आता हसू नका. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्ही काय सांगितलं असतं?